काळ्या काचेपुढची माणसं

साहेबांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या डागावर.

"एवढं काढून टाका," ते म्हणाले. "बाकी फोटो एकदम फर्स्ट क्लास आहे."

स्टुडिओतल्या मोठ्या टेबलावर आजोबांनी काढलेला जुना फोटो पसरलेला होता. खिडकीखाली दिसत होता तोच रस्ता फोटोतही होता, पण त्यात ना गाडी होती ना माणूस. फरसबंदी धुतल्यासारखी लख्ख, दोन्ही बाजूंच्या इमारती ताठ उभ्या, आणि फुटपाथच्या कडेकडेनं तेवढा एक फिकट, धुरकट पट्टा. साहेबांना तो खुपत होता.

चिमीनं फोटो स्वतःकडे ओढून घेतला. पन्नाशी गाठली, चष्मा लागला, स्टुडिओच्या पाटीवर मालक म्हणून स्वतःचं नाव लागलं, तरी अख्ख्या रस्त्यासाठी ती चिमीच होती. एरवी ती भांडणाच्या वाऱ्याला उभी राहायची नाही. कुणी आवाज चढवला की हिला फोटो धुवायला जायचं असायचं.

साहेबांच्या, म्हणजे शहराच्या सुशोभीकरण खात्यानं 'काल आणि आज' नावाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. डावीकडे रस्त्याचा जुना फोटो, उजवीकडे त्याच जागेवरून काढलेला आजचा. जुने फोटो चिमीच्या आजोबांचे, म्हणून नवे काढायचं कामही तिच्याकडेच आलं. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. आजोबा जिथं उभे होते तिथंच उभं राहावं लागायचं. जुन्या फोटोत घड्याळाच्या मनोऱ्याचं टोक ज्या गच्चीला टेकलेलं, नव्या फोटोतही ते तिथंच टेकायला हवं. पाऊलभर इकडंतिकडं झालं की मनोरा खुशाल शेजारच्या इमारतीत घुसायचा. आणि आजोबांची जागा आता कुठं निघेल याचा नेम नव्हता. एकदा ती एका न्हाव्याच्या खुर्चीत निघाली. चिमीनं गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीसकट उठवलं, फोटो काढला आणि परत बसवलं. गिऱ्हाईक उरलेली दाढी होईपर्यंत तिच्या खानदानाचा उद्धार करत होतं.

बाकी सगळ्या जोड्या झाल्या होत्या. राहिली होती ती याच रस्त्याची, जिथं ती लहानाची मोठी झाली.

साहेब अजून ताकाला जाऊन भांडं लपवत होते. रस्त्याची शान, शहराचा वारसा, पाहुण्यांच्या नजरेत भरणारं रूप, असं बरंच काही बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"या जोडीखाली आपण लिहिणार आहोत, 'रस्त्याचं मूळ रूप'. प्रदर्शन शनिवारी. सोमवारी आमची गाडी येणार आणि फुटपाथवरची ही सगळी जत्रा उचलणार. बघा ना, तुमच्या आजोबांच्या फोटोत आहे का एक तरी माणूस बसलेला? हे सगळे नंतर आलेले आहेत. उपरे."

चिमीनं खिडकीतून खाली पाहिलं. उपऱ्यांच्या रांगेत पहिली तिची सख्खी मावशी होती. ती पत्र्याच्या आडोशाला शिवणयंत्र मांडून कुणाच्या तरी बॅगेची चेन बदलत होती.

"साहेब, रस्ता तेव्हाही भरलेलाच होता," चिमी म्हणाली. "आजोबा भिंगापुढे काळी काच लावायचे. त्या काचेतून उजेड अगदी थोडा आत येतो, म्हणून फोटो एका क्षणात निघत नाही, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात जे जागचं हलत नाही ते उमटतं. जे चालत असतं ते उमटतच नाही. इमारतींच्या मालकांना फोटोत गर्दी नको असायची, म्हणून ही युक्ती होती. हा डाग नाहीये. ही चालणारी माणसं आहेत."

साहेब हसले. शहाण्या माणसानं खुळ्याकडे बघून हसावं तसं.

"ताई, ही तुमच्या धंद्यातली भानगड तुमच्यापाशी ठेवा. लोक काय बघणार? डोळ्यांना दिसतं ते. तो पट्टा पुसा म्हणजे झालं."

"नाही पुसणार."

चिमीचं तिलाच नवल वाटलं. शब्द तोंडातून आधी निघाला आणि मग तिला कळलं की तिला राग आलाय.

"बरं, आमचा कॉम्प्युटरवाला पुसेल," साहेब उठले. "आजचा फोटो तेवढा परवा सकाळी काढा. मी रस्त्यावरचं पार्किंग बंद ठेवतो, आणि या लोकांना अर्धा दिवस हलायला सांगतो. मूळ जागा, मूळ पद्धत, मूळ कोन. करारातच आहे तसं."

ते जिना उतरून गेले. जाताना मावशीच्या यंत्राला पायानं जरासं ढकलून त्यांनी वाट काढली, तेही चिमीनं खिडकीतून पाहिलं.

आता या फोटोची खरी गोम सांगायला हवी. काळी काच लावणारे आजोबा म्हणजे चिमीच्या वडिलांचे वडील. आणि त्या धुरकट पट्ट्यात कुठं तरी होती तिच्या आईची आई. ती याच रस्त्यावर मोडक्या छत्र्या दुरुस्त करायची. पुढं स्टुडिओतला मुलगा आणि छत्रीवालीची थोरली लेक यांचं जुळलं, दोन्हीकडून बरीच आदळआपट झाली, आणि शेवटी लग्न लागलं. म्हणजे एका आजोबानं एका आजीला पुसून टाकलं होतं, आणि चिमी दोघांचीही नात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चीड आली तरी ती कुणावर काढायची?

ती खाली गेली. मावशीनं मान वर न करताच विचारलं, "काय म्हणत होता गं तो? तोंड का असं झालंय तुझं?"

चिमीनं सगळं सांगितलं. सोमवारच्या गाडीचंही.  मावशीनं दातांनी दोरा तोडला.

"नंतर आलो होय आम्ही? माझी आई या रस्त्यावर आली तेव्हा त्याचा बाप शाळेत नाव घालायच्या वयाचा नसेल."

"मग फोटोत एकही जण बसलेला कसा नाही, असं विचारतोय तो."

"बसू द्यायचे का कुणी!" मावशीचा आवाज एकदम चढला. शेजारच्या गाळ्यातल्या चावीवाल्या काकांनी कानस थांबवली. "बसली की शिपाई काठी आपटायचा. चल, पुढे चल. दोन पावलं गेली की दुसरा. पुढे चल. खांद्यावर छत्र्या, कडेवर मी, आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. काडी बसवायची तीसुद्धा चालता चालता. गिऱ्हाईक तिच्याबरोबर चालायचं, छत्री होईपर्यंत. रात्री तिचे पाय मी चेपायचे, चिमे. दगड झालेले असायचे नुसते. आम्हाला इथं बूड टेकायला मिळालं ते किती वर्षांच्या मारामारीनंतर. मी स्वतः दोनदा कोठडीत बसून आलेय त्यासाठी."

चिमीला आई-वडिलांच्या लग्नाचे फोटो आठवले. ते आजोबांनीच काढले होते, आणि 'हलू नका' म्हणून सगळ्या वऱ्हाडावर खेकसले होते. एकाही फोटोत आजी धड आलेली नव्हती. लहानपणी चिमीला वाटायचं, आजीला फोटोची भीती असेल. आत्ता तिला कळलं, त्या बाईला एका जागी उभं राहायची सवयच कुणी लागू दिली नव्हती.

"आजोबांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "वरच्या खिडकीतून ते रोज तिला बघत होते. आणि तरी काच लावली."

"माणूस वाईट नव्हता तो. पोटासाठी लावली असेल. पण म्हणून मी ऐकून घेणार नाही हं, त्याचा तो फोटो भिंतीवर टांगून कुणी मला उपरी म्हटलेलं."

चिमीनं वर स्टुडिओच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, मूळ पद्धतीनं काढा असं साहेबच म्हणालेत. आजोबांची काळी काच अजून आहे माझ्याकडे. तीच लावते."

मावशीनं कात्री खाली ठेवली.

"म्हणजे हलेल तो जाणार?"

"जाणार."

"आणि बसेल तो?"

"राहणार."

"चावीवाले!" मावशीनं तिथूनच हाक मारली. "परवा सकाळी आंघोळ करून या. आणि तपकीर घरी ठेवून या."

दोन दिवसांत निरोप रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुणाला चटकन पटला, कुणाला पटवावा लागला. फळवाली म्हणाली, "साहेबानं सामान जप्त केलं तर? उगाच आगीतून फुफाट्यात." मावशी म्हणाली, "सोमवारी जप्त होणारच आहे. दोन-चार दिवस आधी झालं तर तेवढंच वाट बघणं वाचलं."  घड्याळवाला तर आरशासमोर न हलण्याची तालीम करत होता म्हणे, आणि पापणी लवली तर चालते का हे विचारायला स्टुडिओत येऊन गेला. चालते, असं चिमीनं सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

परवाची सकाळ उजाडली. आजोबांची जागा आता रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर येत होती. चिमीनं तिथं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, मनोऱ्याचं टोक गच्चीला टेकवलं, आणि भिंगापुढे काळी काच बसवली. साहेबांनी शब्द पाळला होता. रस्त्याच्या कडेला एकही गाडी लावलेली नव्हती. त्यांनी या लोकांनाही हलायला सांगितलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मावशी यंत्रापाशी, हात मांडीवर, पाठ भिंतीला टेकून. काका किल्ल्यांच्या फळीखाली. फळवाली ढिगामागे. अशी रांग थेट कोपऱ्यापर्यंत. सगळे धुतलेल्या कपड्यांत, आणि चेहरे परीक्षेला बसल्यासारखे गंभीर.

 हे काम गेलं तर खात्याचं पुढचं कुठलंही काम मिळणार नाही, हे चिमीला स्वच्छ दिसत होतं. तिनं हात वर केला. "आता!" असं ओरडली आणि बटण दाबलं.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

"हे काय चाललंय? उठा! सगळे उठा! अर्धा दिवस जागा सोडा म्हणून सांगितलं होतं ना!"

कुणी उठलं नाही. कुणी उत्तरही दिलं नाही. साहेब मावशीसमोर जाऊन हात नाचवायला लागले. मावशी त्यांच्या आरपार समोर बघत राहिली. मग ते काकांकडे गेले, तिथून फळवालीकडे, तिथून परत मावशीकडे. आपण भिंतीशी बोलतोय की काय असं त्यांना वाटायला लागलं असणार, कारण आवाज चिरकायला लागला होता. एक गिऱ्हाईक फळवालीला भाव विचारत उभं राहिलं, तिनं पापणीसुद्धा हलवली नाही, तेव्हा ते "एवढा माज!" म्हणून तणतणत निघून गेलं. बसगाड्या गेल्या, रिक्षा गेल्या, शाळेची पोरं गेली, कामावर निघालेली माणसं गेली. रांग तशीच होती. काकांना तपकिरीवाचूनही शिंक यायची ती आलीच. त्यांनी ती अशी काही दाबली की डोळ्यांत पाणी आलं.

साहेब धावत दुभाजकावर आले. "बंद करा हे!"

"काच लागलीय साहेब. आता मधे थांबवलं तर फोटो फुकट जाईल."

"मी सांगतोय, बंद करा!"

"नाही करणार," चिमी म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तो शब्द तिला पुष्कळ सोपा गेला.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि परत रांगेकडे धावले. फोटो पूर्ण होईपर्यंत ते भिंगासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत, ओरडत होते.

शनिवारी सकाळी नगरभवनाच्या दालनात चिमीनं शेवटची जोडी स्वतःच्या हातानं टांगली. डावीकडे आजोबांचा फोटो, धुरकट पट्ट्यासकट. कॉम्प्युटरवाल्यानं पुसलेली प्रत तिनं सरळ टेबलाखाली सरकवली होती. उजवीकडे आजचा फोटो. त्यातही तसाच ओस रस्ता, बस नाही, रिक्षा नाही, गिऱ्हाईक नाही, घाईत निघालेला एकही माणूस नाही. आणि फुटपाथवर, कोरून काढल्यासारखी स्पष्ट, बसलेली माणसं. मावशीच्या कपाळावरची आठीसुद्धा मोजता आली असती. फक्त काकांच्या मिशा तेवढ्या शिंकेनं विस्कटल्या होत्या.

साहेब आले, आणि फोटोसमोर थिजले.

"आपली वाहनं कुठायत? रुंद केलेला रस्ता एवढा रिकामा? दुसरा फोटो लावा!"

"दुसरा काढलाच नाही."

यावर साहेब काही बोलणार, एवढ्यात शहराच्या सर्वांत मोठ्या अधिकारी, मोठ्या मॅडम, लवाजम्यासह आत आल्या. त्यांच्या मागोमाग मावशी आणि रस्त्यावरची मंडळीही शिरली. प्रदर्शन सर्वांसाठी खुलं आहे असं दारावरच लिहिलं होतं, त्यामुळे शिपायाला अडवता येईना.

मॅडम एकेक जोडी बघत शेवटच्या जोडीपाशी आल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"हा रस्ता रिकामा करायला तुम्ही स्वतः गेला होता ना?" त्यांनी साहेबांना विचारलं. "अहवालात तसं लिहिलंय तुम्ही. इथं तर सगळे बसलेले दिसतायत. आणि तुम्ही कुठंच नाही."

"होतो ना मॅडम! पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो!"

"कुठं?"

"कॅमेऱ्याच्या समोर! या सगळ्यांच्या पुढं!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला दिसत नाही."

"कसं दिसणार मॅडम?" साहेब कळवळून म्हणाले. "मी चालत होतो! त्या काळ्या काचेतून चालता माणूस येतच नाही. तो असतो, पण फोटोत येत नाही! या ताईंना विचारा."

 साहेबांना आपण काय बोललो ते कळायला थोडा उशीर झाला, पण कळलं. चिमीला हसू येत होतं आणि रडूही. तिनं दोन्ही आवरलं.

मावशी पुढं झाली. तिनं जुन्या फोटोतल्या धुरकट पट्ट्यावर हात ठेवला.

"मग माझी आईपण होती, साहेब. ती इथंच होती. रोज. ती चालत होती, कारण तुमच्याच खात्यानं तिला जन्मात कधी एका जागी थांबू दिलं नाही."

 मॅडम पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग मावशीच्या हाताकडे, मग उजवीकडच्या फोटोतल्या मावशीकडे.

"सोमवारची गाडी पाठवू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी या सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेऊ."

मंडळींत कुजबुज झाली. कुणी तरी टाळी वाजवली. साहेबांनी कपाळावरचा घाम टिपला आणि हात हलवत गर्दी पांगवायला घेतली. "झालं ना आता तुमच्या मनासारखं? चला, पुढे चला. पाहुण्यांना वाट द्या. पुढे चला."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकला, आणि 'आई गं' म्हणत त्या चकचकीत फरशीवर, फोटोच्या खाली, ऐसपैस मांडी घालून बसली.

"मावशी, हे काय? उठा!"

"तोंडी नको साहेब, तोंडी खूप ऐकलंय," मावशी म्हणाली. "गाडी येणार नाही असं कागदावर लिहून आणा. खाली मॅडमची सही आणा. तोवर आहे मी इथं."

काका बसले. फळवाली बसली. घड्याळवाला बसला आणि सवयीनं श्वास रोखून ताठ झाला, तेव्हा काकांनी त्याला कोपरानं ढोसलं, "अरे, आता हललास तरी चालेल." बघता बघता दालनाची ती बाजू भरून गेली. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण त्यांनी शिपायाला कागद आणायला पाठवलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

चिमी भिंतीपाशी उभी होती. साहेबांनी तिच्याकडे वळून दात-ओठ खात विचारलं, "ताई, तुम्ही तरी समजावा यांना. तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

चिमीनं खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी उतरवली, मावशीला जरा सरक म्हणाली, आणि तिच्या शेजारी खाली बसली.